घरचा कचरा आणि आपली जबाबदारी



शहरातील घराघरांतून कचरा गोळा करण्याचे काम कमी वेळात व कमी खर्चात कसे होईल, हा आजचा विषय आहे. तो महापालिकेचा विषय वाटतो; परंतु त्याची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातील बादलीपासून होते.

मी बँकेतला कारकून, म्हणून आधी हिशेब मांडतो. समजा, एका जोडीकडे ३०० घरे आहेत. प्रत्येक घरी एक मिनिट लागले तर पाच तास होतात. दोन मिनिटे लागली तर दहा तास. घरे तेवढीच, कचराही तेवढाच. फक्त दारात थांबावे लागले आणि दिवस संपला. हे मिनिट वाढते कशाने? बादली तयार नसते, ओला-सुका एकत्र असतो, पिशवीची गाठ सोडून हाताने निवडावे लागते. काउंटरवर एखादा ग्राहक सर्व नोटा एकत्र कोंबून देतो तेव्हा मागची रांग खोळंबते. नोटा लावून दिल्या की काम चटकन होते. कचऱ्याचेही तसेच आहे.

आपल्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. तो सोसायटीच्या आवारातच जिरवून खत केले तर गाडीच्या फेऱ्या कमी होतात. डिझेल जळते ते वाहून नेण्यात. एकत्र कचरा मात्र थेट डेपोवर जातो. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जाऊ लागला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर मुंबईकरांनी पाहिला. पुण्याचा कचरा सोसणाऱ्या उरुळी देवाची व फुरसुंगीच्या ग्रामस्थांना वारंवार आंदोलन करावे लागले. आपण न निवडलेला कचरा शेवटी कोणाच्या तरी दारात जातोच.

पुण्याचेच एक चांगले उदाहरण आहे. १९९३ साली तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव यांच्यासारखे कार्यकर्ते तिच्या पाठीशी उभे राहिले. पुढे याच कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ साली तिने महापालिकेशी करार केला. घरटी मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री, असे या सभासदांचे उत्पन्न. त्यामुळे विकण्याजोगी प्रत्येक वस्तू वाटेतच वेगळी होते आणि गाडीवरचा भार घटतो. वर्गीकरणात ज्याचे पोट आहे, तोच ते नीट करतो.

येथे एक प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो रास्त आहे. या कामात बहुसंख्य आपल्याच दलित भगिनी आहेत. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्यास सांगितले. मग या भगिनींनी हे काम सोडायचे की सुधारायचे?

माझे मत असे की, जन्माने गळ्यात पडलेले काम सोडलेच पाहिजे. त्यांच्या मुलामुलींच्या हाती पुस्तकच हवे. परंतु आज जी बाई या कामावर घर चालवते, तिला ओळखपत्र, हातमोजे, ठरलेला मोबदला आणि मान मिळालाच पाहिजे. कार्यक्षमतेच्या नावाखाली तिला बाजूला सारून यंत्राचा ठेका देणे म्हणजे सुधारणा नव्हे.

म्हणून तीन गोष्टी आजपासून करू या. ओला आणि सुका कचरा वेगळ्या बादल्यांत ठेवावा. सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते उघडण्याची वेळ कोणावर येणार नाही. फुटलेली काच, ब्लेड आणि सुया वेगळ्या बांधून तसे सांगून द्याव्यात. कचरा नेणाऱ्या ताईंचे शुल्कही वेळेवर द्यावे. मागायला लावू नये.

या कामाला पैसा लागत नाही, दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे आपण घरात दिली, तर दारात उभ्या असलेल्या माणसाचे पाच तास वाचतील आणि हात कापणार नाहीत.

 जयभीम.