आधी सुई, मग सुरी

स्तनातील गाठ म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. तपासायला येणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात: तरुणपणी फायब्रोअ‍ॅडिनोमा, चाळिशीच्या आसपास पाण्याची गाठ. साधी कोणती आणि घातक कोणती, हे नुसत्या बोटांना सांगता येत नाही. म्हणून तपासणी तीन पायऱ्यांची असते: डॉक्टरांचा हात, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि सुई. तेवढीच जागा बधिर करून पोकळ सुईने शेवयाच्या काडीएवढे दोन-चार तुकडे काढले जातात. याला बायॉप्सी म्हणतात.

नेमकी हीच पायरी गाळली जाते. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही समजूत चेंबूरपासून चांद्यापर्यंत सारखीच आढळते. ती बाळगणारी मंडळी ‘काढूनच टाका एकदाची’ म्हणतात. म्हणजे भीती सुईची, सुरीची नाही! (हशा) मग गाठ आधी निघते आणि निदान मागून येते. कर्करोग निघाला, तर गाठीभोवती निरोगी कडा किती होती हे बरेचदा कळत नाही, छेदही गैरसोयीच्या जागी गेलेला असतो. दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते आणि वाचू शकला असता तो स्तन कधी कधी जातो. यात सारा दोष शल्यविशारदांचा नाही. घाई पुष्कळदा घरच्यांचीच असते.

सुरीचा दबदबा जुना आहे. बाल्टिमोरच्या विल्यम हॅल्स्टेड यांनी १८९४ साली मांडलेल्या शस्त्रक्रियेत स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील लसीकाग्रंथी एकत्र काढल्या जात. याच हॅल्स्टेड यांच्या परिचारिकेचे, कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे, हात जंतुनाशकाने सोलवटत. हॅल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले आणि १८९० साली तिच्याशी लग्नही केले. लग्नानंतर तिने शस्त्रक्रियागृह सोडले. मोजे मात्र जगभर तिथेच राहिले. (हशा) एका स्त्रीच्या हातांना इतके जपणाऱ्याच्या शस्त्रक्रियेने पुढे असंख्य स्त्रियांचे हात सुजून राहिले, हे मात्र हसण्यावारी नेता येत नाही.

मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात लहान गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांमध्ये हॅल्स्टेड यांची शस्त्रक्रिया आणि स्तन वाचवून केलेली शस्त्रक्रिया या दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनीही स्तन काढणे आणि वाचवणे यांची अशीच तुलना केली. दोघांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले: स्तन वाचवला म्हणून आयुष्य घटले नाही. अट एकच, नंतर रेडिएशन, म्हणजे रुग्णांच्या बोलीतले शेक. फिशर यांच्या अभ्यासात त्याच स्तनात रोग परतण्याचे प्रमाण शेकाविना ३९ टक्के होते, शेकानंतर १४.

सुईच्या भीतीला उत्तर परळहून मिळाले. टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी १,६०० स्त्रियांच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी निम्म्या जणींच्या गाठीभोवती सुईने भुलीचे औषध सोडले. २०२३ साली आलेला निष्कर्ष असा: पाच वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण त्या गटात ९०.१ टक्के, एरवी ८६.४. म्हणजे गाठीभोवती सुई टोचूनही आयुष्य घटले नाही.

स्तन वाचवणे सर्वांनाच शक्य नसते: स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत अनेक गाठी असणे, शेक देता न येणे ही कारणे असतात. मोठी गाठ कधी केमोथेरपीने आधी लहान करता येते. हा निर्णयही निदान हाती असेल तरच घेता येतो. म्हणून गाठ लागली, तर शस्त्रक्रियेची तारीख मागण्याआधी सुईचा अहवाल मागावा.