आमच्या वेळचा खाऊ
(मंडळाच्या वर्धापनदिनी जळगाव येथे केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, आणि ध्वनिक्षेपकापुढे उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. परवा चिटणीस ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आपल्या लहानपणच्या खाऊवर बोला. खाऊवर बोलायला काही फार शिकावे लागत नाही." मला ते पटले. पण रात्री भांडी घासताना विचार करू लागले, तेव्हा लक्षात आले की माझा खाऊ आणि माझे शिक्षण यांचा संबंध फार जवळचा आहे. तो कसा, ते मी शेवटी सांगेन. आधी खाऊचे तोंड गोड करू.

माझे माहेर धुळ्याकडचे. मुंबई-आग्रा रस्त्यावरून मालेगावकडे निघाले की आत दोन कोसांवर आमचे गाव. चार बिघे कोरडवाहू जमीन, त्यात दादर आणि कपाशी. घरात आजी, माय, वडील, मी आणि माझ्या पाठचा भाऊ. मी सांगते आहे तो काळ 1985 ते 1993 च्या सुमाराचा. तेव्हा आमच्या गावात खाऊ रोज मिळत नसे. तो ऋतूप्रमाणे यायचा, आणि म्हणूनच त्याची वाट पाहण्यात निम्मी गोडी असायची.

उन्हाळा लागला की बिबड्या. ज्वारी भिजत घालायची, दळायची, आणि पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात पीठ शिजवायचे. आळीतल्या चार बायका एकमेकींकडे हात द्यायला जात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आम्ही पोरी वाट्या घेऊन बसायचो. त्या गरम पिठावर कच्चे शेंगदाण्याचे तेल आणि तिखट घालून खायचे. त्याची सर आज कोणत्याही हॉटेलातल्या पदार्थाला नाही. मग खाटेवर धोतर अंथरून त्यावर बिबड्या घालायच्या, आणि कावळे हाकायला आम्हाला बसवायचे. राखण करणाऱ्यांनीच किती ओल्या बिबड्या पोटात घातल्या, हे त्या कावळ्यांनाच ठाऊक! कुरडयांच्या दिवशी गव्हाचा चीक मिळायचा, गूळ घालून.

होळी-पाडव्याला साखरेचे हार-कंगन यायचे. चैत्री पौर्णिमेला धुळ्याला एकवीरा देवीची यात्रा. तेथून गोडी शेव, रेवड्या आणि भत्ता यायचा. आखाजीला तर विचारूच नका. आंब्याचा रस, खापरावरची पुरणपोळी, सांजोऱ्या, आणि निंबाला बांधलेला झोका. शाळेबाहेर एक म्हातारी टोपली घेऊन बसे. पाच पैशांचे बोरकूट, दहा पैशांच्या लिमलेटच्या गोळ्या, चिंच, आवळा. आता ते पैसेही राहिले नाहीत. 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 2011 च्या जून महिन्याअखेर चलनातून गेली. ती नाणी मुठीत घट्ट धरून धावलेली आमची पिढी आज चाळिशी ओलांडून बसली आहे.

दिवाळीच्या आधी नानकटाईची गंमत असे. हल्लीच्या सुनांना सांगितले तर खरे वाटत नाही. मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा घरून मोजून न्यायचा. वनस्पती तुपाला आम्ही सरसकट डालडाच म्हणत असू, मग ते कोणत्याही कारखान्याचे असो. आपल्या अमळनेरलाच 1945 साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो या नावाने जगभर गेली, हे आपणांस माहीत असेलच. तर हे सामान डब्यात भरून धुळ्याला बेकरीच्या भट्टीवर न्यायचे. तेथे बायकांची रांग. भट्टीवाला पीठ मळून, गोळे करून, पत्र्यावर मांडून भाजून द्यायचा. आपला डबा दुसरीला जाऊ नये म्हणून माय भट्टीजवळून हलत नसे. परत येताना एस.टी.त त्या गरम डब्याचा वास सुटे आणि सगळे प्रवासी वळून वळून पाहत.

आता विकतच्या खाऊकडे येते. आमच्याकडे बिस्किट म्हणजे पारले. मुंबईला विलेपार्ल्यात 1929 साली हा कारखाना निघाला, आधी गोळ्या करी, आणि 1939 पासून बिस्किटे करू लागला. गावाच्या नावावरून बिस्किटाचे नाव पडले. विलेपार्ल्याचा तो जुना कारखाना 2016 साली बंद झाला, परंतु बिस्किट घरोघर आहेच. आमच्या घरी तो पुडा कुणी आजारी पडले तरच येई. म्हणून ताप आला की आम्हा मुलांना आतून थोडा आनंदच व्हायचा.

आणि गोळी म्हणजे रावळगावची! रावळगाव मालेगाव तालुक्यातले. म्हणजे आमच्या धुळेकरांच्या शेजघरचे. शेठ वालचंद हिराचंद यांनी तेथे 1933 साली साखरेचा कारखाना उभा केला आणि 1942 साली गोळ्या सुरू केल्या. माझे मामा त्याच तालुक्यात राहत. ते आले की धोतराच्या कनवटीतून कागदाची पुडी निघे. त्यात लाल, पिवळ्या, हिरव्या गोळ्या. मोठ्या माणसांसाठी पान पसंद. ती खाल्ली की तोंडाला विड्याचा वास येई आणि आम्ही आरशात जीभ लाल झाली का ते पाहत असू. ती काही लाल होत नसे.

येथपर्यंत सगळे गोड आहे. पण भगिनींनो, मी तुमच्यापुढे उभी आहे तर सगळेच सांगितले पाहिजे.

ती पुडी मामा आजीच्या हातात देत. घरात वाटणी आजीची. आजी पदर पसरून बसे आणि गोळ्या मोजी. भावाला चार, मला दोन. पारलेचा पुडा फुटला की भावाला दोन बिस्किटे, मला अर्धे. मी रडले तर आजी म्हणे, "आंडेरनं काय, ती सकाय सासरले जाई." मुलीचे काय, ती उद्या सासरी जाईल. आजी दुष्ट नव्हती. मला न्हाऊ घालताना डोळ्यात साबण जाऊ नये म्हणून कपाळावर हात धरायची. पण तिच्या लहानपणी तिला अर्धेही मिळाले नसेल. तिला वाटे, अर्धे देते आहे म्हणजे लाड करते आहे.

माय यात काही बोलत नसे. सासूपुढे बोलण्याची रीतच नव्हती. एकदा मात्र असे झाले. मामा येऊन गेल्याला आठ-दहा दिवस झाले होते. सगळ्या गोळ्या कधीच संपल्या होत्या. मी चुलीपाशी काड्या घालत होते. मायने पदराची गाठ सोडली. आत एक लाल गोळी होती. तिच्या वाटणीची. कागद ओला होऊन चिकटला होता. तिने तो नखाने सोडवला आणि गोळी माझ्या तोंडात घातली. म्हणाली, "खाई ले. कोनले सांगू नको." मी कुणाला सांगितले नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे. ती गोळी कागदासकट लागली, धुराची लागली, आणि तितकी गोड गोळी मी पुन्हा खाल्ली नाही.

आता मघाशी म्हटले तो शिक्षणाचा संबंध. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी दोन कोसांवरच्या मोठ्या गावी जावे लागे. पास काढायचा, गणवेश शिवायचा, वह्या घ्यायच्या. मी सातवीला वर्गात दुसरी आले होते. वडिलांनी रात्री हिशोब केला आणि म्हणाले, पुढे एकाचाच खर्च झेपेल, आणि तो पोराचा. भाऊ तेव्हा चौथीत होता. म्हणजे त्याच्या पुढच्या शाळेसाठी माझी शाळा तीन वर्षे आधीच थांबली. मी फारशी रडलेही नाही. का रडले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला सवय झाली होती. बिस्किट अर्धे, गोळ्या दोन, तशी शाळा सातवीपर्यंत. ज्या हातांनी बिस्किट मोडले, त्याच रीतीने शाळा मोडली. दहा वर्षे अर्धे खाण्याची सवय लागली की पूर्ण मागावे हे सुचतच नाही.

माझा भाऊ फार चांगला आहे. शिकला, नोकरीला लागला, आईवडिलांना शेवटपर्यंत त्याने सांभाळले. 2024 साली रावळगावच्या गोळ्यांची नावे आणि पाककृती 27 कोटी रुपयांना रिलायन्सने घेतल्याची बातमी आली, तेव्हा त्याने मला फोन केला. "ताई, आपली रावळगाव विकली गेली गं," म्हणाला. आम्ही मामांच्या पुडीच्या आठवणी काढल्या. मी हसत हसत म्हटले, "तुला चार आणि मला दोन." तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "असे होते का? मला तर आठवतच नाही." तो खोटे बोलत नव्हता. ज्याला पूर्ण मिळते त्याच्या लक्षात राहत नाही. त्यात त्याचा काय दोष? तोही लहानच होता.

परंतु भगिनींनो, दोष देण्याआधी मी माझ्याच घराची गोष्ट सांगते. लग्न होऊन मी जळगावला आले. मला एक मुलगा आणि त्याच्या पाठची मुलगी. मुलगी आठ वर्षांची असताना एकदा मी केळीचे वेफर आणले होते. मुलगा क्रिकेट खेळून आला, म्हणून त्याला ताटली भरून दिले. मुलीला वाटीत दिले. ती वाटीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आई, मला भूक कमी लागते असे तुला कुणी सांगितले?" माझ्या हातातला डबा तसाच राहिला. मी, जिने चुलीपाशी ती गोळी खाल्ली होती, तीच मी आजीचा पदर पसरून बसले होते! मला कुणी शिकवले नव्हते. हात आपोआप तसा वळला.

त्या दिवसापासून आमच्या घरी एक नियम केला. एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचे. भगिनींनो, करून पाहा. वाटे इतके सारखे होतात की सोनाराचा काटा नको. आणि तिसरा वाटा आईचा. तोही ताटलीतच, पदराच्या गाठीत नाही. आज माझी मुलगी बारावीच्या पुढे शिकते आहे. तिचा पास मी माझ्या शिवणकामाच्या पैशातून काढते.

आपल्याकडे आणखी एक रीत आहे. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की जिलेबी. माझ्या जन्माच्या वेळी तर जिलेबीही नव्हती. आजीने आळीत गुळाचे खडे वाटले. भावाच्या वेळी धुळ्याहून पेढे आले. जिलेबी वाईट आहे असे नाही, मला ती फार आवडते. पण मिठाईच्या डब्यावरून शेजारणीला कळावे की आनंद किती करायचा, ही गोष्ट बरी नव्हे. गर्भातल्या मुलीची तपासणी करू नये म्हणून 1994 साली कायदा झाला. तरी 2011 च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे साडेआठशेही मुली नव्हत्या. आपण म्हणू की हे दवाखान्यांचे आणि सरकारचे काम. ते आहेच. परंतु मला वाटते, त्याची सुरुवात आपल्या फडताळातल्या डब्यापासून होते. घरात जिचा वाटा लहान, तिचे येणेही लहान समजले जाते.

म्हणून मंडळाला माझ्या दोनच सूचना आहेत. पहिली, आपल्या सभासदांच्या घरी मुलगी झाली तर मंडळातर्फे पेढे वाटावेत, आणि मुलगा झाला तरी पेढेच. दुसरी, येत्या आखाजीला आपण गल्लीतल्या सगळ्या मुलामुलींना एका पंगतीत बसवून बिबड्या, सांजोऱ्या आणि आमरस द्यावा. हल्ली मुलांच्या हातात पाच रुपयांची पुडी देऊन आपण मोकळ्या होतो. मीही देते, कामाच्या घाईत दुसरे काय करणार? पण वर्षातून एक दिवस तरी त्यांनी झोक्यावर बसून ओली बिबडी खावी. आणि त्या पंगतीत वाढणारीने मुलगा-मुलगी पाहू नये.

जुन्या खाऊची आठवण काढताना माझ्या तोंडाला पाणी सुटते आणि डोळ्यालाही येते. तो खाऊ परत आणावा, वाटणी मात्र जुनी आणू नये, एवढेच माझे मागणे आहे. माय आता नाही. असती तर तिच्या हातात रावळगावची अख्खी पुडी ठेवून म्हटले असते, आज तू आधी घे.

माझे बोलणे लांबले. चुकले-माकले असेल तर सातवी पास बाई म्हणून पोटात घाला.