समाजआरती आणि ग्रामसभा

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)

दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास माझ्या आधी थोरांनी सांगितला, तो मी परत उगाळत नाही. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तन करतो ते गुरुकृपेनं आणि ऐकून ऐकून. मला विषय दिलाय ‘नागरिक’. आमचा एक टाळकरी म्हणाला, "बुवा, नागरिक म्हणजे शहरातली माणसं. आपला काय संबंध?" आता त्याला काय बोलायचं? खेड्यातल्या माणसाला या नावानं हाक मारतंय कोण? निवडणूक आली की आपण मतदार, योजना आली की लाभार्थी. मतदाराचं काम एका दिवसात संपतं. लाभार्थी रांगेत उभा राहतो. नागरिकाला मात्र बाराही महिने काम असतं, म्हणून ते नाव कुणी घेत नसावं.

माझ्या आजोबांना तरुणपणी मत नव्हतं. इंग्रजाच्या राज्यात ज्याच्याकडं जमीन-महसूल, घरदार, शिक्षण, त्यालाच मत. 26 जानेवारी 1950 ला राज्यघटना लागू झाली आणि 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत 21 वर्षांवरच्या सगळ्यांना, बाया-माणसांना, भूमिहीनाला, सारखंच एक मत मिळालं. पाटलाचं एक, सालगड्याचं एक. ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वाड्यासमोर जोडा काढून उभं राहायचं, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

आता आपल्या घरचं उदाहरण घेतो. माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी लावली. बाबा सरदारकीतले, त्यांना लष्कराची व्यवस्था ठाऊक. कोणती दिंडी रथापुढं, कोणती रथामागं, सगळं ठरलेलं. पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती मुक्कामाच्या समाजआरतीची. तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. पालखी तळावर येते. दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड वर करतो आणि एवढा समाज एका क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती गप्प होत नाही. ती टाळ वाजवतच राहते. चोपदार त्या आवाजाच्या रोखानं जातो, काय झालं ते विचारतो, आणि तक्रारीचा निकाल लागतो. मग हरवल्या-सापडल्याची, उद्या निघायच्या वेळेची सूचना होते आणि मग आरती.

बघा, कोण तक्रार करू शकतो? दिंडी लहान का मोठी, हे विचारत नाहीत. तक्रार कुठं करायची? सगळ्यांसमोर, देवासमोर. पारावर बसून कुजबूज करायची नाही. आणि तक्रार करताना शिवी नाही, दगड नाही, टाळच वाजवायचा, पण थांबायचं नाही. मला तर नागरिकाचं सगळं शास्त्र यात दिसतं.

गावात ही जागा कोणती? ग्रामसभा. आपल्या राज्याचा ग्रामपंचायत कायदा 1958 चा. त्यात वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्यायला सांगितल्यात. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद. त्याला निवडून यावं लागत नाही. सरपंच पाच वर्षांचा असतो, ग्रामसभेचा सभासद मरेपर्यंत. सभा भरायला मतदारांपैकी शेकडा 15 किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी असेल तेवढी लागतात. समजा गावात 1400 मतदार आहेत. त्याचे शेकडा 15 म्हणजे 210. मग 100 पुरेत. आपल्या काल्याच्या प्रसादाला याच्या तिप्पट पंगत बसते!

आणि 100 जमली नाहीत तर? सभा तहकूब होते. आता हे नीट ऐका. तहकूब झालेली सभा परत भरते तेव्हा तिला माणसांच्या संख्येचं बंधनच राहत नाही. जे बसतील ते ठराव करतील आणि तो ठराव सगळ्या गावाचा धरला जाईल. घरी बसलेला म्हणतो, मी कशात नाही. अरे बाबा, तू सगळ्यात आहेस, फक्त तुला कळलेलं नाही!

मी ज्या भागात कीर्तनाला फिरतो तिथली गोष्ट सांगतो. गावाचं नाव घेत नाही, ते लोक इथंही असतील. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. त्या सभेत बायांनी सांगितलं, मागासवर्गीय वस्तीत नळ पाहिजे, उन्हाळ्यात अर्धा कोस चालावं लागतं. पुरुषमंडळींच्या मनात वेशीवर कमान बांधायची होती. दुसऱ्या दिवशी सभेत वही फिरली, सह्या सुरू झाल्या. आपल्या संप्रदायातली एक म्हातारी होती, तुळस घेऊन वारी करणारी, अक्षरओळख नसलेली. वही तिच्यापुढं आली. ती म्हणाली, "भाऊसाहेब, काय लिव्हलंय ते आधी वाचून दावा, मग अंगठा." सगळे हसले. ग्रामसेवक म्हणाले, "आजी, नंतर बघू." ती म्हणाली, "मी बसते."

ती बसली, तशा बाकीच्या बायाही बसल्या. शेवटी वाचलं, तर कमान होती, नळाचं नाव नव्हतं. तिथल्या तिथं नळाचा ठराव लिहून घेतला, तेव्हा तिनं अंगठा दिला. पाइपलाइन यायला दोन वर्षं गेली. तीही पहिल्या आळीपर्यंतच आली आहे. पुढच्या दोन आळ्यांत आजही पाणी नाही, आणि बाया दर सभेला जातात. म्हातारी आता नाही.

ती वस्ती मागंच का राहिली, हे मी बोलणार. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपुरात 1 मे ते 10 मे उपोषण केलं. कशासाठी? तर विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरले. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, आपण तिथं डोकं टेकवून आत जात होतो, आणि चोखोबांच्या माणसांना मात्र आत जाता येत नव्हतं. विरोध करणारे परके नव्हते, आपलेच होते. लपवून काय उपयोग? देश तीन महिन्यांनी स्वतंत्र झाला, पण मला वाटतं पंढरपुरातलं ते दार उघडलं नसतं तर स्वातंत्र्य तेवढं अपुरंच राहिलं असतं. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, माउली म्हणतो. घरी आल्यावर पाण्याची वाट त्यांची वेगळी असेल तर कोणती वारी झाली, हे ज्यानं त्यानं विचारावं.

गाडगेबाबांनी तर हातात खराटाच घेतला. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. आधी घाण काढायची, मग देवाचं नाव. शेतकरी म्हणून सांगतो, मुक्काम उठल्यावर ज्याच्या रानात पत्रावळ्या आणि बाटल्या राहतात, तोही माउलीच आहे. आपल्या दिंडीनं निघताना तळ झाडून निघायचं, हे या शताब्दीपासून सुरू करू.

आणखी दोन गोष्टी. ग्रामपंचायतीत पैसा कुठं गेला, हे विचारायला वकील लागत नाही. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. साधा अर्ज, 10 रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही नाही, आणि 30 दिवसांत उत्तर. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. दुसरी गोष्ट आम्हा कीर्तनकारांची. निवडणुकीच्या तोंडावर सप्ताहाला मंडप कुणी दिला, साउंड कुणी दिला, हे पाहून आमची जीभ वळू नये. उमेदवाराचं नाव गादीवरून घेऊ नये. मी घेत नाही, त्यामुळं दोन-चार सप्ताह हातचे गेले, जाऊ द्या.

आषाढी करून परतलो की थोड्याच दिवसांत 15 ऑगस्ट येतो. झेंडावंदन झाल्यावर बहुतेक गावांत ग्रामसभा असते. धारा काढून, जनावरांना वैरण टाकून निवांत येता येतं. बायकांना घरी ठेवून येऊ नका. वही पुढं आली की आधी वाचून घ्या.

रामकृष्ण हरी.