शनिवार तेल्यांचा शब्बाथ
(महोत्सवाच्या सभेंत वाचलेलें भाषण)



आपल्या देवळाचा इतिहास सांगण्यास माझ्याहून अधिकारी वक्ते येथें बसले आहेत. म्हणून मीं थोडा निराळा विषय घेतला आहे. प्रभूचा दिवस पाळण्याची आज्ञा आपण लहानपणींच पाठ केली. ज्यांच्या शब्बाथापासून ती आपणांपर्यंत आली त्या यहुदी लोकांची एक शाखा आपल्याच कोंकणांत शेंकडों वर्षें मराठी बोलत राहिली, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

या बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी कीं, अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचें तारूं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या आणि धर्मग्रंथ समुद्रांत गेले. पुढें त्यांनीं तेल गाळण्याचा धंदा धरला. हिब्रू भाषा ते विसरले, कित्येक सणही विसरले. राहिलें तें इतकेंच: आठव्या दिवशीं सुंता, खवले नसलेला मासा वर्ज्य, 'शेमा' ही प्रार्थना, आणि शनिवार. त्या दिवशीं त्यांचा घाणा बंद असे. शेजाऱ्यांनीं त्यांना 'शनिवार तेली' हेंच नांव दिलें. सोमवारीं घाणा बंद ठेवीत ते 'सोमवार तेली'.

यहुदी शास्त्र्यांनीं शब्बाथास ३९ प्रकारचीं कामें निषिद्ध मानलीं आहेत. त्या मापानें या तेल्यांचा शब्बाथ शंभर ठिकाणीं फाटलेला होता. ना सभास्थान, ना ग्रंथवाचन! तरी डेव्हिड राहाबी नांवाचा धर्मशिक्षक कोंकणांत आला तेव्हां अशाच अर्धवट राहिलेल्या आचारांवरून त्यानें आपले बांधव ओळखले, असें ते लोक सांगतात. जें पूर्ण पाळतां येत नाहीं तें मुळींच सोडून दिलें असतें, तर ओळखण्यास काय उरलें असतें?

पुढें हे लोक मुंबईस आले. १७९६ सालीं सामुएल दिवेकर यांनीं तेथें त्यांचें पहिलें सभास्थान बांधलें. ग्रंथ मिळाले, गुरु मिळाले, पण शनिवार हातचा जाऊं लागला. घाण्याचा धनी तेली स्वतः होता. कचेरींतील हजेरीपुस्तक दुसऱ्याचें असतें. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १० जून १८९० रोजीं गिरणी कामगारांस आठवड्याची सुटी मिळाली, तीही रविवारची. आपला दिवस आपणांस आयता मिळाला. यहुद्याला आपला दिवस रोजगारांतून ओढून काढावा लागला. आज कांहीं कचेऱ्यांस शनिवारींही सुटी असते, पण दुकानदाराला किंवा परिचारिकेला ती कोठून?

असा मनुष्य शुक्रवारीं सायंकाळीं घरीं येतो, टेलिफोन कपाटांत ठेवतो, मुलांसह प्रार्थना म्हणून जेवतो आणि दुसरे दिवशीं सकाळीं नाइलाजानें कामावर जातो. तो शब्बाथ पाळतो कीं मोडतो? कडवे लोक म्हणतील, मोडतो. जीव वांचविण्यासाठीं नियम बाजूस ठेवण्याची मुभा आहे, पगारासाठीं नाहीं. त्यांना मी हंसत नाहीं. त्यांनीं तो दिवस जसाचा तसा राखला नसता तर अर्धा कशाचा पाळावयाचा? उलट 'थोडें पाळलें तरी चालतें' हें वाक्य आळशाच्या तोंडीं फार गोड लागतें. माझी कसोटी साधी आहे: त्या पाळण्याची कांहीं किंमत पडते काय? तेल्याची दर आठवड्यास एका दिवसाची कमाई बुडे. आपण तर मिस्सा संपतांच देवळाच्या पायरीवर जागेचे भाव विचारूं लागतों!

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुतेक बेने इस्राएल तिकडे गेले; येथें थोडेच उरले आहेत. तेथें शनिवार ही सर्वांचीच सुटी. बहुतेक बसगाड्याही बंद. तेव्हां तेथें त्यांना आपल्यासारखीच अडचण आली असेल, ती म्हणजे आयत्या सुटीची.

शुक्रवारच्या त्या प्रार्थनेस द्राक्षारस लागतो. धर्मनियमांस मान्य असा द्राक्षारस कोंकणांत कोठून मिळणार? म्हणून घरच्या बायकांनीं काळ्या मनुका भिजत घालून, कुसकरून, गाळून त्यांचें सरबत केलें, आणि त्याच पेल्यावर आशीर्वाद म्हणण्याची चाल पडली. ती चाल ते इस्राएलांतही घेऊन गेले आहेत.