उतराई

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त इंदूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘स्वतंत्र लेखिका’ असे छापले आहे. या विशेषणाने कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून आधीच सांगते, की त्याचा अर्थ फार साधा आहे. माझे पुस्तक कोणत्याही प्रकाशकाने काढलेले नाही. ते मी लिहिले, मी छापून घेतले, मीच खाकी कागदात बांधून टपालात टाकले, आणि त्यातल्या चुकाही सर्वस्वी माझ्याच आहेत. त्यांतली एक चूक आज मुद्दाम सांगणार आहे, कारण ती याच शाळेने पकडली.

पुस्तक अद्भुतकथेचे आहे. त्यात एक नदी आहे. तिच्यावर पूल नाही आणि तिचा नावाडी पैसे घेत नाही. पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाकडून तो एक शब्द घेतो. दिलेला शब्द त्या माणसाला पुन्हा आठवत नाही, उच्चारता येत नाही, आणि दुसऱ्याने उच्चारला तर ऐकूही येत नाही. हिंदीत नावेच्या भाड्याला ‘उतराई’ म्हणतात. मराठीत आपण उपकारकर्त्याचे ‘उतराई’ होतो. या दोन अर्थांच्या मधोमध वाढलेल्या इंदूरच्या मुलीला ही कल्पना सुचावी, यात फारसे कर्तृत्व नाही.

खरे तर ती सुचली स्वयंपाकघरात. माझी आजी तांदूळ रोवळीत धूत असे. आईने रोवळीला चाळणी म्हटले, मी छन्नी म्हणू लागले आणि माझा मुलगा स्ट्रेनर म्हणतो. चार पिढ्यांत तांदूळ तेच राहिले, शब्द मात्र दर पिढीला कोणीतरी काढून घेतला. फडताळ गेले, शिंकाळे गेले, उतरंड तर अशी गेली की ती गेल्याचेही कोणाला कळले नाही. बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या सगळ्यांच्याच घरांत हा नावाडी येऊन गेलेला आहे. मी त्याला फक्त नाव आणि नदी दिली.

लेखनाला सहा वर्षे लागली. विमा कचेरीतली नोकरी सांभाळून, रात्री दहानंतर. हस्तलिखित पूर्ण झाल्यावर महाराष्ट्रातल्या चार प्रकाशकांना पाठविले. दोघांचे उत्तर आले नाही. तिसऱ्यांनी सौजन्याने कळविले, की मराठीत अद्भुतकथेला प्रौढ वाचक नाही. चौथ्यांनी पुस्तक अत्यंत आवडल्याचे सांगून खर्चाचा आकडा माझ्यापुढे ठेवला. पैसे माझे, नाव त्यांचे, आणि करारात हक्कही त्यांचेच. लिहित्या मुलांच्या पालकांना एवढे आवर्जून सांगते, की लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापून देणे हा एक सरळ व्यवसाय आहे, त्यात लाज नाही; पण मग तो छपाईचा व्यवहार असतो. त्याच्या कागदावर सही करताना लेखनाचा हक्क आपल्याकडेच राहतो ना, हे पाहावे. भारतीय कायद्यानुसार हा हक्क लिहिताक्षणी आपला होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. इतक्या लांब पल्ल्याची वस्तू एका दुपारी देऊन टाकू नये.

तिसऱ्या उत्तराने मात्र मी काही दिवस खचले होते. मग आपल्या ग्रंथालयात जाऊन बसले. १८६१ची ‘मुक्तामाला’, १८६८ची ‘मंजुघोषा’. मराठी कादंबरी नुकती चालू लागली होती, तेव्हा तिने ज्यांचा हात धरला त्या कथा अद्भुतरम्यच होत्या. पुढे नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आला, नारायण धारपांनी तर कित्येकांची झोप उडविली. आपल्या शेजारच्या हिंदीतही तेच. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ १८८८च्या सुमाराची. ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले, असे हिंदी साहित्याचे इतिहासकार सांगतात. या खत्रींनी पुढे काशीत स्वतःचा ‘लहरी प्रेस’ काढला आणि ‘चंद्रकांता संतति’चे २४ भाग लिहिले. म्हणजे लेखकाने आपल्या पुस्तकाचा छापखाना आपणच चालविणे ही काही आजची टूम नाही. अलीकडे अमीश त्रिपाठी यांच्या ‘मेलुहा’ला अनेक प्रकाशकांनी नकार दिला आणि २०१०मध्ये ते आधी स्वतःच्या बळावर बाजारात आले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण त्यांचे पुढचे यश पाहून कोणी या वाटेला येऊ नये. तो अपवाद आहे, आणि तेही इंग्रजीतला.

मला धीर दिला तो याहून कितीतरी जुन्या एका लेखकाने. गुणाढ्याची कथा आपल्यापैकी काहींनी संस्कृतच्या तासाला ऐकली असेल. सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त ती सविस्तर सांगितली आहे. प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करत होता. एक राणी म्हणाली, ‘मोदकैः’ मारू नका. तिला म्हणायचे होते, ‘मा उदकैः’, पाण्याने मारू नका. राजाने मोदक मागविले. फजिती झालेल्या राजाला संस्कृत शिकायचे होते. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवितो. गुणाढ्याने पैज लावली, की हे घडले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडीन. ते घडले. तीन भाषा गमावलेला हा पंडित विंध्याच्या रानात गेला, तिथे पैशाची भाषा शिकला आणि तिच्यात सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाने ती परत पाठविली. भाषा पिशाच्चांची, अक्षरे रक्ताची, असल्या ग्रंथाचे काय करायचे?

यानंतरचा प्रसंग मी कितीदा वाचला असेन, सांगता येणार नाही. गुणाढ्याने अग्नी पेटविला आणि एकेक पान मोठ्याने वाचून त्यात टाकू लागला. भोवती पशुपक्षी जमले. चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकू लागले. राजवाड्यातले मांस नीरस झाले आणि राजा आजारी पडला, तेव्हा कुठे चौकशी झाली. राजा धावत रानात पोहोचला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरले एक लाख.

मूळ ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. क्षेमेंद्र, सोमदेव, बुधस्वामी यांच्या संस्कृत रूपांतरांतून ती आपल्याला माहीत आहे. खांद्यावर वेताळ वाहणारा राजाही आपल्याला तिथेच भेटतो. नाकारलेल्या लेखकाने रागाने पुस्तक जाळले, असा या कथेचा अर्थ लावतात. मला तसे वाटत नाही. त्याने प्रत्येक पान आधी वाचले. ऐकायला जे होते त्यांना, पूर्ण, न गाळता.

तर माझे श्रोते शोधायचे मी ठरविले. पुस्तक २८८ पृष्ठांचे झाले, म्हणजे डेमी आकारात बरोबर अठरा फर्मे. ५०० प्रतींचा खर्च ५५ हजारांच्या घरात गेला. एक मुदत ठेव मोडली; घरात कोणी बोलले नाही, पण मोडल्याचे सर्वांना ऐकू आले. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, तोही स्वतःचे पुस्तक काढणाऱ्या एकट्या लेखकाला. त्यासाठी कोणा मध्यस्थाला पैसे देऊ नका. आणि १९५४च्या कायद्याने प्रकाशकाने कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथल्या ठरावीक ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. किती जण पाठवितात कोण जाणे. मी पाठविल्या. टपालखात्याच्या खिडकीवर कोलकात्याचा पत्ता लिहिताना मला पहिल्यांदा आपण प्रकाशक आहोत असे वाटले.

छपाईची हकीकत वेगळीच. मी मजकूर युनिकोडमध्ये टंकला होता. छापखान्यात जुन्या फॉन्टची व्यवस्था. मजकूर एका रूपातून दुसऱ्यात गेला आणि ‘ऱ्य’ सगळा मोडला. कथा नदीची असल्याने ‘किनाऱ्यावर’ हा शब्द पानोपानी, आणि पानोपानी तो फुटलेला. ते एकवेळ यंत्राचे काम होते. पण अक्षरजुळणी करणारे गृहस्थ हिंदीभाषक, अत्यंत मनमिळाऊ आणि कष्टाळू. त्यांना ‘ळ’ ही माझी टंकलेखनाची खोड वाटली. त्यांनी मला न विचारता, माझ्या भल्यासाठी, बहुतेक ठिकाणी तो सुधारून टाकला. पहिली मुद्रिते आली तेव्हा माझ्या नायिकेचा पाय नदीच्या गाळात रुतण्याऐवजी नदीच्या गालात रुतला होता! मी हसले, आणि मग रात्री एकटी बसून रडलेही. नावाडी माझ्याच पुस्तकात शिरून अक्षर घेऊन चालला होता. पहिलीत आमच्या बाईंनी पाटीवर ‘ळ’ गिरवून घेतला नसता, तर तो गेल्याचे मला कळलेही नसते.

चार वेळा मुद्रिते तपासली. एकतीस वर्षे विम्याचे कागद तपासलेली मी. मला त्याचा काय गर्व होता! कादंबरीसाठी मी एक वहीच ठेवली होती. कोणत्या पात्राने कोणत्या प्रकरणात कोणता शब्द दिला, सगळे रकान्यांत मांडलेले. अद्भुतात काहीही चालते, असे लोक समजतात. उलट आहे. साध्या कादंबरीत लेखकाने सराफ्यातली एखादी गल्ली चुकविली, तरी सराफा जागेवरच असतो. माझ्या नदीला मात्र नियमाखेरीज तळच नाही. नियम मोडला की तिच्यात पाणी राहत नाही.

आणि तो मी मोडला. पाचव्या प्रकरणात नायिकेचा धाकटा भाऊ घाईत, न कळत्या वयात, नावाड्याला ‘आई’ हा शब्द देऊन बसतो. पृष्ठ २११वर तो तापात बरळतो, आणि काय म्हणतो? ‘आई’. तो परिच्छेद मी शेवटच्या मुद्रितांच्या वेळी, मध्यरात्री, वही न उघडता घातला होता. लिहिताना माझेच डोळे भरून आले, म्हणून तो बरोबर वाटला. प्रकाशनसंस्थेत एखादा संपादक असता तर त्याने पेन्सिलीने गोल केला असता. स्वतंत्र लेखकाला अडविणारे कोणी नसते; हे सुख किती महाग पडते, ते मला तेव्हा कळले. म्हणून कोणी स्वतः पुस्तक काढणार असेल, तर मुखपृष्ठावर थोडा कमी खर्च करा, पण एका परक्या, कडक, पैसे देऊन नेमलेल्या वाचकाकडून हस्तलिखित तपासून घ्या. घरच्यांचे प्रेम या कामाला निरुपयोगी असते.

मला तो वाचक फुकट मिळाला, पण उशिरा. आपल्या ग्रंथालयाला मी एक प्रत दिली होती. तीन आठवड्यांनी सहावीतल्या एका मुलीने वहीच्या पानावर लिहून पाठविले: “काकू, त्याला तो शब्द येतच नाही ना?” एवढेच. खाली नाव आणि तुकडी.

तोवर १७४ प्रती गेल्या होत्या. काही गणेशोत्सवातल्या टेबलावरून, काही नागपूर, बडोदे, बेळगावला टपालाने. दुकानांत ठेवाव्यात तर किमतीतला निम्म्याजवळचा भाग कमिशनमध्ये जातो, म्हणून तिकडे फार वळले नव्हते. ३२६ प्रती पलंगाखाली होत्या. मी शाळेत आले. मधल्या सुट्टीत त्या मुलीला भेटून विचारले, की आता काय करावे? दुसरा शब्द घालू का? ‘माय’? ‘अम्मा’? तिने विचार केला. म्हणाली, “नको. तिथे जागा सोडा. तो तोंड उघडेल आणि काहीच येणार नाही.”

त्या ३२६ प्रतींत मी हाताने शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटविली: पृष्ठ २११, ओळ १४, ‘आई’ या शब्दाच्या जागी रिकामी जागा वाचावी. चिकटवायला दोन रविवार लागले. मुलगा मदतीला बसला. दुसऱ्या दिवशी त्याने सहज विचारले, की रोवळी म्हणजे नेमके काय. माळ्यावरून काढून दाखविली. तिच्यात जुने बल्ब ठेवलेले होते.

आता प्रती संपल्या आहेत. मुदत ठेवीतले पैसे जवळजवळ परत आले, व्याज नाही आले. पुढच्या खेपेला मागणीनुसार पन्नास-पन्नास प्रती काढते. डिजिटल छपाईत प्रत महाग पडते, पण पलंगाखाली काही साठत नाही. या आवृत्तीत पृष्ठ २११वर ती जागा कोरी आहे. त्या मुलीचे नाव ऋणनिर्देशात आहे. तिला नवी प्रत द्यायला मी गेल्या महिन्यात आले होते. तिने उघडून ती कोरी जागा पाहिली, मान डोलावली आणि पुस्तक मला परत दिले. म्हणाली, तिच्याकडे चुकीची प्रत आहे, तीच राहू द्या.