भाकरी टोपल्यात हाय
(वाशी येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चित्रपट काढावयाचा तर मुंबई गाठली पाहिजे, ही आपली जुनी समजूत. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी तिला धक्का दिला. वडार समाजात जन्मलेल्या या तरुणाने पुण्यास मराठीत एम. ए. केले आणि पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) संज्ञापनाचा अभ्यास केला. तेथेच ‘पिस्तुल्या’ हा लघुपट झाला आणि पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला. मंजुळे कवीही आहेत, हे येथे विसरता कामा नये.

२०१३ च्या ‘फँड्री’विषयी मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे. त्यातील जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा करमाळ्याकडचाच, हलगी वाजविणारा मुलगा. त्याला अभिनयाची कोणतीही तालीम नव्हती. दिग्दर्शक स्वतः सायकल दुकानदार चंक्याच्या भूमिकेत उतरले. डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असता शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि ते सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. या प्रसंगावर भाष्य करणारे एकही वाक्य तेथे नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याच दिशेने येतो. पुढे २०१६ मध्ये ‘सैराट’ने हीच बोली राज्यभर पोहोचविली.

येथे माझी एक कबुली. माहिती अधिकारी या नात्याने शेतकऱ्यांच्या मुलाखती लिहिताना मी त्यांचे ‘हाय’, ‘न्हाई’ नेमाने शुद्ध करीत आलो. मजकूर स्वच्छ होई. माणूस मात्र त्यातून निघून जाई.

आज सकाळी येथल्याच एका विद्यार्थ्याने आपली पटकथेची वही मला दाखविली. तेरखेड्यास फटाक्यांच्या कामावर जाणाऱ्या आईची ती कथा आहे. विषय मोलाचा, कारण त्या कामातली जोखीम आपण सारे जाणतो. पण त्यातील आई निघताना म्हणते, “बाळा, मला परतण्यास विलंब होईल.” मी विचारले, “तुझी आई खरोखर काय म्हणते?” तो संकोचला. मग खाली पाहत म्हणाला, “यायला उशीर हुईल, भाकरी टोपल्यात हाय.”

मी काही बोललो नाही. त्यानेच माझ्याकडून पेन मागून घेतले आणि वहीतले ते वाक्य खोडले.