जिभेचे वळण आणि मनाचे वळण

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी तरुण मंडळींपुढे चार शब्द बोलावे, अशी चालकांनी आम्हांस विनंती केली. विषयाची निवड आमच्याकडे सोपविली असल्यामुळे आम्ही तो आपल्या घरोघरच्या गरजेतूनच घेतला आहे. आपल्या मुलामुलींस इंग्रजी बोलता कसे यावे, आणि ते शिकताना त्यांनी काय बोलावे, हा तो विषय होय.

इ.स. २००० पासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास आरंभ झाला. यवतमाळ घ्या, पुसद घ्या, वणी घ्या, दहावीस पोहोचलेल्या मुलाने दहा वर्षे इंग्रजी वाचलेले व लिहिलेले असते. तथापि परिचारिकेचे शिक्षण घेण्यास नागपुरास गेलेल्या मुलीस तेथे कोणी इंग्रजीत नाव-गाव विचारले, की तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. धडा तिला पाठ असतो, शब्दही ठाऊक असतात. मग अडते कोठे? आमच्या मते दोन ठिकाणी अडते. जिभेस त्या ध्वनींची सवय नसते, आणि मनास आपले हसे होईल हे भय असते. या दोन दुखण्यांची औषधे निराळी आहेत. पण ती बरोबर घेतल्याखेरीज गुण येत नाही.

प्रथम जिभेचे पाहू. मराठीत आपणांस एकच 'व' पुरतो. इंग्रजीत मात्र दोन आहेत: एक वरचे दात खालच्या ओठास लावून काढावयाचा, व दुसरा ओठांचा चंबू करून. तसेच 'थ'चे आहे. आपला 'थ' जीभ दातांमागे टेकवून निघतो. 'थिंक' या शब्दातील ध्वनी काढण्यास जिभेचे टोक दातांच्या मध्ये ठेवून वारा सोडावा लागतो. हे पुस्तकात वाचून साधत नाही. गवई जशी तान घोटतो, तसे ते घोटावे लागते. आपल्या आजीने आपल्याकडून 'कच्चा पापड, पक्का पापड' भरभर म्हणवून घेतले, ते याच जातीचे शिक्षण होते. इंग्रजांतही ही रीत जुनी आहे. लंडन शहरी १८१३ साली पीटर पायपर या नावाचे एक पुस्तक निघाले; त्यात वर्णमालेतील अक्षरे घेऊन अशी जीभ वळविणारी वाक्ये मुलांसाठी रचलेली होती.

आपल्या संध्याकाळच्या वर्गाकरिता आम्हीही एक वाक्य बेतले आहे. ते असे: 'वुई व्हिजिट द व्हिलेज विडोज एव्हरी वेन्सडे.' म्हणजे, आम्ही दर बुधवारी गावातील विधवांच्या भेटीस जातो. यात ओठांस तीनदा चंबू करावा लागतो व तीनदा दात ओठास लावावे लागतात. आधी सावकाश म्हणा, मग जरा वेगाने. सर्वांनी मिळून म्हणा, शिक्षकानेही म्हणावे. त्याचीही जीभ अडखळेल, सर्वच हसतील, आणि जे हसणे सर्वांचे असते ते कोणासच बोचत नाही.

परंतु उच्चाराचा खेळ नेहमीच निरुपद्रवी नसतो, याची साक्ष पवित्र शास्त्रात आहे. शास्ते या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात गिलाद व एफ्राईम या वंशांच्या लढाईची हकीकत आपण वाचली असेल. गिलादी लोकांनी यार्देन नदीचे उतार रोखून धरले. पळून येणाऱ्यास ते 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास सांगत. एफ्राईमी माणसास 'श' म्हणता येत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे, आणि तेथेच त्याचा वध होई. बेचाळीस हजार माणसे पडली असे शास्त्र सांगते. आता या शब्दाचा अर्थ काय? धान्याचे कणीस! आपल्या वऱ्हाडात कितीएक वडीलधारी माणसे कणसास 'कनीस' म्हणतात, डोळ्यास 'डोया' म्हणतात, आणि शहरास 'सहर' म्हणतात. यार्देनच्या उतारावर त्यांचीही गत एफ्राईमी लोकांसारखीच झाली असती. आज हाती तलवार नाही हे खरे; पण उच्चार ऐकून माणसाची किंमत ठरविण्याची खोड गेली आहे काय?

आपल्याच नगरीतील गोष्ट पाहा. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळास ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांस बोलाविले होते. मराठीच्या संमेलनास इंग्रजी लेखिका कशास, असा आक्षेप निघाला, आणि निमंत्रण मागे घेण्यात आले. या घटनेच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. पुढे जे घडले ते आम्हांस सांगावयाचे आहे. उद्घाटनाचा मान आपल्याच जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या विधवेस, श्रीमती वैशाली येडे यांस, देण्यात आला. मोठमोठ्या साहित्यिकांच्या सभेत त्यांनी शेतकऱ्याच्या घरचे दुःख मांडले. त्या अंगणवाडीत काम करणाऱ्या बाई; पण ज्याच्यापाशी सांगण्यासारखे खरे काही आहे, त्याचे बोलणे लोक कान देऊन ऐकतात. कर्जापायी कितीएक कुटुंबांचे कर्ते पुरुष गेले, अशा या जिल्ह्यात विधवांच्या भेटीचे वाक्य आम्ही उगाच निवडलेले नाही.

यावरून मनाच्या भयावरचे औषध हाती येते. नवशिक्यास 'स्वतःविषयी बोल' म्हटले, की तो गोठतो. त्यास 'या आठवड्यात कोणी कोणावर दया केलेली तू पाहिलीस, ते सांग' म्हणा. दुसऱ्याचा चांगुलपणा सांगताना तो स्वतःस विसरतो, आणि भय निघून जाते. शिवाय त्यास लागणारे शब्दही थोडे व रोजचे असतात: दिले, आणले, वाट पाहिली, ओझे उचलले, आभार मानले. एवढी क्रियापदे भूतकाळात नीट बोलता आली, म्हणजे इंग्रजी संभाषणाचा पाया पक्का झाला असे समजावे.

वर्गाचे नियम आम्ही असे ठेवावे म्हणतो. पाचपाच जणांचे गट असावे. प्रत्येकाने तीन वाक्ये बोलावी: कोणी केले, काय केले, व ते पाहून आपणांस काय वाटले. बोलणारा थांबेपर्यंत कोणी त्यास दुरुस्त करू नये. मग ऐकणाऱ्याने त्यास एक प्रश्न विचारावा. शेवटी चूक दाखवावी, तीही एकच. केळापूर, घाटंजीकडून आलेल्या कित्येक मुलांची घरची भाषा कोलामी किंवा गोंडी असते, कित्येक घरांत गोरमाटी बोलतात; त्यांस इंग्रजी ही तिसरी भाषा आहे. त्यांस अधिक वेळ द्यावा. आणि ज्यास आपल्या इंग्रजीस कोणी हसू नये असे वाटते, त्याने घरी आजीच्या 'डोया'स हसू नये. हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे.

या कामी आपणांस एक थोर उदाहरण आहे. इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. इंग्रजी मुखात 'ण' नाही, 'ळ' नाही, आणि 'त' व 'ट' यांतील भेदही नाही. तरीही या पुरुषाने आपली जीभ आमच्या भाषेस वळविली, कोकणीचे व्याकरण लिहिले, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचून १६१६ साली राचोल येथे छापविले. ज्या लोकांत राहावयाचे त्यांस त्यांच्याच बोलीत सांगावे, या प्रीतीने त्यांनी हे श्रम केले. इंग्रजाने मराठी शिकावी ती अशी. मग आपणही इंग्रजी शिकावी ती याच हेतूने. रुग्णालयात खाटेजवळ बसून परक्या रोग्यास धीर देता यावा, प्रवासात भांबावलेल्यास वाट सांगता यावी, यासाठी ती शिकावी. पोटाचा धंदाही तिच्या योगे मिळेल. तो मिळावा अशीच आमची इच्छा आहे.

येत्या बुधवारपासून सायंप्रार्थनेनंतर वर्ग सुरू होईल. वडीलधाऱ्यांनीही यावे; जीभ वळविण्यास वयाची अट नाही. नदीच्या उतारावर वाट अडविणारे आपण न व्हावे, तर हात धरून पैलतीरास नेणारे व्हावे. प्रभू आपल्या जिभेस वळण आणि मनास दया देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.